लागली तर, लागली असती तर

मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले. त्यांतला संकेतार्थ आपण वर्गात सहसा घाईने उरकतो. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' एवढे फळ्यावर लिहिले की भागते. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या मुलांकडून मराठीच्या तासांबरोबर इंग्रजी संभाषणाचा सराव करून घेऊ लागल्यावर मात्र मला या उपेक्षित अर्थाकडे नव्याने पाहावे लागले.

तारापूर औद्योगिक वसाहतीत मुलाखत द्यायची, एवढ्यापुरतेच इंग्रजी या मुलांना हवे असते. तांत्रिक शब्दांची त्यांना धास्ती नाही. व्हॉल्व्ह, बॉयलर, शिफ्ट, शटडाऊन हे शब्द त्यांच्या घरी जेवतानाही बोलले जातात. 'रिअॅक्टर' तर येथे दोन अर्थांनी नांदतो. वसाहतीत तो रासायनिक अभिक्रिया घडवणारे बंद पात्र असतो, आणि तिथून जवळच समुद्रकाठी, १९६९ सालापासून वीज देऊ लागलेल्या प्रकल्पात, तो अणुभट्टी होतो. संदर्भावरून मुले अचूक अर्थ घेतात. त्यांचे अडते ते 'इफ'पाशी.

'नोकरी लागली तर घर बांधीन' हे वाक्य इंग्रजीत सांग म्हटले, की उत्तर येते : 'इफ आय गॉट अ जॉब, आय वुड बिल्ड अ हाऊस.' मूळ वाक्यात 'लागली' हे भूतकाळी रूप आहे, म्हणून मुलगा प्रामाणिकपणे 'गॉट' म्हणतो. पण या दोन भाषांनी भूतकाळाला निरनिराळी कामे नेमून दिली आहेत. मराठी बोलणारा अट जणू आताच पुरी झाली असे क्षणभर धरून चालतो, आणि तिथून पुढचे पाहतो. 'आलोच!' असे घरातूनच ओरडून सांगणाऱ्या माणसाचा भरवसा त्या रूपात असतो. इंग्रजीत अशा वाक्यातला भूतकाळ वास्तवापासूनचे अंतर दाखवतो. नोकरी लागण्याची फारशी शक्यता नाही, असे तो सुचवतो. परिणामी मराठीतली उमेद इंग्रजीत पोचेपर्यंत दिवास्वप्न होऊन बसते, आणि मुलाखत घेणाऱ्यासमोर आपण काय कबूल करून बसलो, याचा बोलणाऱ्याला पत्ताही नसतो.

यंत्राविषयी बोलताना ही पंचाईत नाही. 'दाब वाढला तर व्हॉल्व्ह उघडतो' यातल्या दोन्ही क्रिया इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात जातात. निसर्गनियमाला आशा-निराशा नसते. माणूस कर्ता झाला की व्याकरण अवघड होते. दुसऱ्या पाळीच्या मुलाची वाट पाहणारी आई 'एव्हाना निघाला असेल' म्हणते, तेव्हा त्या 'असेल'मध्ये भविष्यकाळापेक्षा काळजीच अधिक असते.

तिसऱ्या प्रकारची, म्हणजे घडून गेलेले बदलता न येण्याची, उदाहरणे मी एकदा मुलांकडूनच मागवली. पाऊस आणि चुकलेली लोकल झाल्यावर एक मुलगा म्हणाला, 'इफ द प्रोजेक्ट हॅड नॉट कम, वुई वुड हॅव लिव्ड बाय द सी.' अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. ते संच २००५-०६ साली सुरू झाले. स्थलांतर झाले तेव्हा या मुलाचा जन्मही झाला नव्हता. हे वाक्य त्याने घरी मराठीत शेकडो वेळा ऐकले असणार. इंग्रजीत त्यात एकही चूक नव्हती.

मराठी वाक्यातच मूल काय धरून चालले आहे, हे आधी विचारावे आणि मगच इंग्रजी रूप सुचवावे, असा क्रम मी तेव्हापासून पाळतो. 'गॉट'च्या जागी 'गेट' आणि 'वुड'च्या जागी 'विल' ठेवणे ही दोन शब्दांची दुरुस्ती आहे. पण 'मला नोकरी लागणे शक्य आहे' हा मराठीत सहज बोलला जाणारा विश्वास तिच्यामुळेच इंग्रजीतही टिकतो. संकेतार्थाला वर्गात एक तास अधिक द्यायला एवढे कारण पुरेसे आहे.