मोबाइल घेऊन बसलेली बाई

चकलीची भाजणी भाजणारी बाई काम करत असते, याबद्दल घरात कुणालाच शंका नसते. खमंग वास घरभर पसरलेला असतो, बाईच्या हातात झारा असतो, कपाळावर घाम असतो. तीच बाई दुपारी त्याच चकलीचा फोटो नीट करून, पाव किलो आणि अर्ध्या किलोचे दर लिहून, ग्राहकांना पाठवत बसली की मात्र ती ‘मोबाइल घेऊन बसलेली’ असते. मग तिला कुणीही हाक मारावी. इस्त्रीचे कपडे आलेत, सिलिंडरवाला आलाय, माझा एक मोजा सापडत नाहीये. कढईपुढून बाईला उठवताना माणूस दोनदा विचार करतो. मोबाइलपुढून उठवताना एकदाही करत नाही.

डोंबिवलीत घरगुती फराळ आणि मसाले विकणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, मी त्यांतलीच एक. आमच्या आधीच्या पिढीचा बाजार म्हणजे लोकलचा लेडीज डबा. ऑफिसला जाताना पिशवीत मेतकुटाची नि चिवड्याची पाकिटं, शेजारणीच्या हातावर ठेवलेली एक चकली आणि पगार झाला की मिळणारे पैसे. जाहिरात तिथल्या तिथे व्हायची, विक्रीही तिथल्या तिथे. त्या जाहिरातीसाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, कारण प्रवास तर करायचाच होता. आता तो डबा इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर आलाय असं लोक म्हणतात. त्यात एक गोष्ट राहून जाते. हा प्रवास घरात बसून करायचा असतो, आणि घरात बसलेली बाई रिकामी असते असं घर धरून चालतं.

लिज्जत पापडाची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ असते. १९५९ साली गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेतले आणि गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं निघाली. आजही घरगुती व्यवसायावरचं कुठलंही भाषण या गोष्टीशिवाय संपत नाही. मला त्या गोष्टीतला एक साधा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या बायकांनी पापड लाटले आणि ते विकायला भुलेश्वरचा ओळखीचा व्यापारी होता. पुढे संस्था वाढली तशी पीठ मळणारे, लाटणारे, विकणारे वेगळे झाले. लाटणं घरी नेता आलं, विकणं घरी न्यावं लागलं नाही. आज एकट्या बाईकडे लाटणं, तोलणं, पॅकिंग, फोटो, हिशेब, कुरिअर आणि ‘ताई, रेट?’ला उत्तर देणं हे सगळं आहे. वर तिला सांगतात, रोज एक तरी पोस्ट हवीच, सातत्य हवं.

सातत्याचा हा सल्ला ज्यांच्या तोंडून येतो, त्यांच्या घरी दुधाचं पातेलं उतू जात नसावं.

एक उजेडाचंच घ्या. खाण्याच्या पदार्थाचा चांगला फोटो येतो तो सकाळच्या कोवळ्या उजेडात, खिडकीशी किंवा बाल्कनीत. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली पुरणपोळीसुद्धा आजारी दिसते. पण सकाळचा तोच तास डब्यांचा असतो: एक शाळेचा, एक ऑफिसचा, शिवाय सासूबाईंचा चहा आणि गोळ्या. उकडीच्या मोदकाची वाफ फोटोत यायला हवी असते, ती काही क्षण टिकते, आणि नेमक्या त्याच क्षणी दप्तराची चेन अडकलेली असते. व्हिडिओला आवाज द्यायचा तर मागे कुकरची शिटी. म्हणून मी फोटो रोज काढतच नाही. ऑर्डरचे पदार्थ ज्या दिवशी होतात, त्या दिवशी भरपूर काढून ठेवते आणि पुढचे कित्येक आठवडे तेच वापरते. मेटाच्या ॲपमध्ये पोस्ट आधी तयार करून तारीख-वेळ लावून ठेवता येते. मुलीच्या परीक्षेच्या काळात माझं पान असंच चालतं. लोकांना वाटतं, बाई काय नेटाने करते!

नियोजनाचे तयार तक्ते इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यांत ब्लॅक फ्रायडे असतो, मैत्रीदिन असतो, आइस्क्रीमचाही एक दिवस असतो. अधिक महिना नसतो. आमच्या धंद्यात तर तो आल्याचं दारावरची बेलच सांगते. जावयाला वाण द्यायला तेहेतीस अनारसे लागतात, आणि ते घरी जमणाऱ्या बायका आता थोड्या उरल्यात. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, ऐन सुट्टीत आणि वाळवणांच्या दिवसांत. अनारशाचं पीठ तर उद्या हवं म्हणून आज होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, दमट असतानाच दळायचे, गूळ घालून मुरत ठेवायचे. म्हणजे जाहिरात एप्रिलमध्येच जायला हवी. अधिक महिन्याने पुढचे सणही सरकतात: २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ साली १४ सप्टेंबरला. मागच्या वर्षीचा तक्ता तसाच उचलला की मोदकांची जाहिरात अडीच आठवडे आधी जाऊन विरून जाते. परदेशातल्या मुलांसाठी फराळ पाठवणारे लोक दिवाळीच्या महिनाभर आधी विचारू लागतात. पितृपक्षात नव्या ऑर्डरी मंदावतात, पण नेमकं तेव्हाच परदेशी पार्सलचं बोलणं करून ठेवावं लागतं.

यासाठी मला कुठलंही ॲप लागत नाही. फ्रिजशेजारी कालनिर्णय आहे. साळगावकरांनी १९७३ पासून घरोघरी पोचवलेल्या त्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला ते, सासूबाईंची डोळ्यांची तपासणी, मुलीचं स्नेहसंमेलन असं सगळं लिहिलेलं असतंच. त्याच चौकोनांत मी लाल पेनाने जाहिरातीच्या तारखा लिहिते. घराचं आणि धंद्याचं वेगवेगळं नियोजन करा म्हणतात. मला ते पटत नाही. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात मसाल्याची मोठी ऑर्डर घ्यायची नाही, हे एकाच कागदावर दोन्ही दिसलं तरच कळतं. शिवाय लाल अक्षरं घरातल्या सगळ्यांना दिसतात. फोनमधलं वेळापत्रक फक्त मला दिसतं, आणि मला एकटीला दिसून काय उपयोग?

कारण खरी अडचण वेळेवरच्या हक्काची आहे. देशात २०२४ साली झालेल्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं निघालं, पुरुष ८८. पावणेपाच तासांहून जास्त. या तासांना कुणी हात लावत नाही. बाई धंद्यासाठी वेळ काढते तो दुपारच्या विश्रांतीतून आणि रात्रीच्या झोपेतून. आमच्याकडे मी शेवटी दुपारचा तास मागून घेतला. तीन ते चार मी कामावर आहे, दारावर कोण आलं ते इतरांनी बघायचं. पहिले काही दिवस सगळे सौजन्याने हसले. मग नवऱ्याने एका रविवारी बसून माझ्या महिन्याच्या ऑर्डरींची वही तपासली, कुठल्या मेसेजनंतर किती ऑर्डर आल्या ते पाहिलं, आणि त्याचं हसणं बंद झालं. आकड्यांपुढे पुरुष लवकर गंभीर होतात.

दाखवायचं काय, हाही घराचाच प्रश्न. मूल दिसलं की व्हिडिओ जास्त पाहिला जातो, हे मला माहीत आहे. मुलीला मी त्यात घेत नाही. तिचा चेहरा चकलीबरोबर विकायला ठेवायचा नाही, एवढं माझ्यापुरतं ठरलेलं आहे. सासूबाईंची गोष्ट वेगळी. खसखशीवर अनारसा थापणारे त्यांचे हात मला हवे होते. मी नुसते हातच घेणार, असं तीनदा सांगूनही त्या गाऊन बदलून साडी नेसून आल्या, हिरव्या बांगड्याही भरल्या. तो व्हिडिओ पाहून एका बाईंनी अनारशांऐवजी बांगड्यांचीच चौकशी केली.

इतक्या सगळ्या खटाटोपात इन्स्टाग्रामचा वाटा किती? कौतुकाचा पुष्कळ, पैशाचा थोडा. माझ्या ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सॲपवरून येतात. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात टाकायला बंदी आहे, स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून भरवसा ब्रॉडकास्ट लिस्टवर. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. पण तो मेसेज पोचतो फक्त त्यांनाच, ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय. बाकीच्यांसाठी मी लाल पेनाने लिहिलेली तारीख आणि दुपारचा तो मागून घेतलेला तास, दोन्ही फुकट.

तेव्हा तुम्ही कुणा घरगुती फराळवालीकडून काही घेत असाल, तर रात्री साडेदहाला ‘रेट?’ एवढंच विचारू नका, आणि तिचा नंबर सेव्ह करा. नाव आठवत नसेल तर ‘चकली’ लिहिलंत तरी चालेल.