अर्धविराम

अर्धविराम म्हणजे वाचताना जरा थांबायचे, एवढेच मला शाळेपासून ठाऊक. पीएचपी या संगणकभाषेच्या मांडणी-फाईलीत तो ओळीच्या आधी आला, की ती अख्खी ओळ असून नसल्यासारखी होते, हे कळायला मात्र तीन रात्री जागाव्या लागल्या.

आमच्या गावच्या वाचनालयाची नोंदवही वाळवीने निम्मी खाल्ली. 'संगणकावर नवी करून देते,' असे मीच मोठ्या तोंडाने काकांना सांगून बसले. जुन्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल बसवले, पुस्तकांचा तक्ता केला आणि पीएचपीतून उघडायला गेले, तर पडद्यावर एकच उत्तर : 'मायएसक्यूएलआय' सापडत नाही. हा या दोघांमधला दुभाषा. तो तर 'ईएक्सटी' फोल्डरात माझ्यासमोर पडलेला! त्याच्या नावाच्या ओळीपुढचा अर्धविराम काढला की तो कामाला लागतो, असे वाचले. नमुन्याची फाईल नोटपॅडमध्ये उघडून अर्धविराम काढला, 'पीएचपी डॉट आयएनआय' या नावाने जतन केली. उत्तर तेच. सगळे पुसून दोनदा पुन्हा बसवले. काकांना तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले.

तिसऱ्या रात्री आबा रात्रीच्या लाईटीला पाणी धरायला उठले. माझे डोळे बघून म्हणाले, "काय म्हनतंय ते? वाचून दाखीव."

चौथीपासून घरातला प्रत्येक कागद, बँकेची नोटीस असो की तलाठ्याची, मीच आबांना वाचून दाखवते. हा मात्र मी तीन रात्री वाचलाच नव्हता. इंग्रजी दिसले की नुसती घाबरत होते. पीएचपीने कोणती मांडणी-फाईल उचलली ते सांगणारी एक आज्ञा आहे. ती दिली आणि आलेले उत्तर शब्दाला शब्द लावून मराठीत वाचले : "वाचलेली फाईल : एकही नाही."

"मंजी तुजा कागद त्याला पोचलाच न्हाई," आबा म्हणाले. "नाव नीट घातलंस का बघ."

नाव! विंडोज फाईलीच्या नावाचे शेपूट लपवते. ते दाखवायला लावले, तर नोटपॅडने मागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटवलेले. तेवढे खोडले. तक्ता उघडला.

सांगायला दारात धावले, तर आबांची बॅटरी बांधावरून पार लांब गेली होती. उजाडेपर्यंत एकवीस पुस्तके नोंदवली.