पाठमोरी

आमचं दुकान नरसीत. बाबा शिंपी. 1270 साली याच गावात दामाशेटी आणि गोणाईच्या पोटी नामदेव महाराज जन्मले. तेही शिंपीच, त्यामुळे टेप गळ्यात टाकताना बाबांचा हात आधी कपाळाला लागतो.

एकदा मी त्यांना फोनवर गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’चा फोटो दाखवला. नऊवारी नेसलेली, पूजेला निघालेली तरुणी. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिकत असताना, जेमतेम विशीत, म्हात्र्यांनी ती प्लास्टरमध्ये घडवली. साल 1896 च्या आसपासचं. ती देवी नाही, अप्सराही नाही. आपल्या घरातली कुणी असावी तशी बाई, आणि तरी पुतळ्याचा विषय झालेली. मला तेव्हा वाटायचं, तिच्यातलं नवेपण एवढंच.

बाबांनी चष्मा पुसला. बोटांनी फोटो मोठा केला. आधी खांदा पाहिला, मग कंबर, मग कापड कुठे अंगाला चिकटलंय आणि कुठे सुटलंय ते. "बेतलंय नीट," म्हणाले. "पाऊल उचललं की मांडीवर कापड असंच ताणतं. खाली अंग नसेल तर चुणी खोटी पडती." मग फोन उलटा करून त्याची पाठ बघितली, आणि मला म्हणाले, "मागून कशी हाय?"

माझ्याकडे मागचा फोटो नव्हता.

"नऊवारीचं खरं काम मागं असतं. कासोटा. पुढून कुणीबी नेसवील."

मी पुतळ्यांवर किती वाचलं होतं! पण पुतळ्याला पाठ असते, हे मला बाबांनी सांगितलं. चित्र समोरून संपतं. शिल्प तुम्हाला फिरायला लावतं. म्हात्र्यांनीही तिच्याभोवती फेऱ्या मारल्या असतील. ओल्या मातीवर हात ठेवून पाठीचा कणा कुठे वळतो, टाच कुठे उचलते, हे पाहिलं असेल. फोटो पाहून ‘पाहिली’ म्हणणारा मी, तिला अर्धीच ओळखत होतो.

पुढच्या सोमवारी बाबांना घेऊन औंढ्याच्या देवळात गेलो. नामदेव तिथे कीर्तन करत होते, त्यांना देवळामागे जायला लावलं, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. नंदी आजही मागच्या बाजूला आहे. बाबा तिथे हात जोडून उभे राहिले आणि मग भिंतीवरच्या मूर्तींकडे वळले. दगडात अर्ध्या रुतलेल्या त्या बायांच्या पाठी दिसेनात. एका मूर्तीपाशी ते भिंतीला गाल टेकवून, एक डोळा मिटून, खांद्यामागच्या फटीत बघू लागले.

"थोडी दिसती," म्हणाले. "ये, बघ."