लांडगा व्हायचंय? मग हे नियम पाळा!

मुलांनो, 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. त्या गोष्टीत खोटं कोण बोलतं? मेंढरं राखणारा मुलगा. आणि बदनाम कोण होतं? बिचारा लांडगा!

मी डोंबिवलीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या चौथीच्या वर्गाला मधल्या सुट्टीत लांडगा-लांडगा खेळायचं भारी वेड. लांडगा होऊन खेळणं ही काही आजची गंमत नाही. किपलिंगचं 'द जंगल बुक' १८९४ साली आलं. त्यातल्या लांडग्यांच्या कळपावरून बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली लहान मुलांची 'कब' पथकं सुरू केली. तुमच्यापैकी कुणी कब असेल, तर 'अकेला' हे नाव त्याला ठाऊकच असणार.

पण आमच्या खेळात रोज भांडणं! प्रत्येकाला कळपाचा राजा व्हायचं असे. एक लांडगा गच्चीवरून उडी मारी, दुसरा गोळी लागली तरी मरत नसे. शेवटी मी म्हटलं, "खुशाल खेळा, पण लांडगा खराखुरा हवा." मग आम्ही बसून नियम केले.

पहिला नियम जागेचा. कळप राहणार कुठे? "येऊरच्या जंगलात!" सगळे एका सुरात ओरडले. पण येऊरच्या जंगलात राहतो बिबट्या. ठाण्याच्या खाडीकाठी तिवरांत असतात कोल्हे. आपल्या लांडग्याला दाट झाडी नकोच असते. त्याला हवं मोकळं माळरान. गवत, बोरी-बाभळी, मधूनच एखादी घळ. म्हणून आम्ही शाळेच्या मैदानाला नाव दिलं 'नान्नज'. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. तिथल्या माळावर काळवीट आहेत आणि लांडगेही.

दुसरा नियम : कळपात राजा नाही. रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ साली त्यांच्या मारामाऱ्यांबद्दल लिहिलं. 'जो जिंकेल तो पुढारी' ही समजूत तिथून पसरली. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० सालच्या आपल्या पुस्तकातही तेच मांडलं होतं. पुढे मोकळ्या रानातले कळप वर्षानुवर्षं पाहून १९९९ साली त्यांनी सांगितलं, की कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असतं. आई, बाबा आणि त्यांची लहान-मोठी पिल्लं. एवढ्या मोठ्या अभ्यासकाने आपलंच म्हणणं बदललं, हे मुलांना फार आवडलं.

आमच्या वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा मात्र हिरमुसला. "मग मी कोण?" मी म्हटलं, "तू बाबा. पिल्लांना खायला आणायचं काम तुझं." दुसऱ्या दिवशी स्वारी खिसाभर शेंगदाणे घेऊन आली! आधी पिल्लांना वाटले, उरले ते स्वतः खाल्ले. एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेली एक मुलगी मोठी ताई झाली. शिकारीला न जाता बिळापाशी पिल्लं राखत बसली. खऱ्या कळपातही मोठी भावंडं हे काम करतात.

तिसरा नियम ताकदीचा. आपल्याकडच्या लांडग्याचं वजन साधारण २० किलो, म्हणजे तुमच्यातल्या एखाद्या लहानखुऱ्या मुलाएवढं. तेव्हा गच्चीवरून उड्या बंद! शिकारही दर वेळी मिळत नाही. म्हणून आम्ही फोडलेले चार चिंचोके टाकतो. तीन किंवा चार पांढरे पडले तर शिकार मिळाली, नाहीतर कळप उपाशी. मुलांनी करून पाहिलं, बहुतेक वेळा उपाशीच राहावं लागलं.

चौथ्या नियमावर खरी गंमत झाली. लांडगा मेंढरंही पळवतो. मग मेंढरं राखणारा धनगर नको का? एक मुलगा धनगर झाला. कळपाने त्याचं मेंढरू नेलं, तसे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, यांचं पोट भरलं, माझं मेंढरू गेलं त्याचं काय?" सगळे गप्प झाले. प्रश्न अगदी रास्त होता. खरे धनगर रात्री मेंढरांभोवती जाळी उभारतात, कुत्री पाळतात, तरी कधीकधी मेंढरू जातंच. वन खातं पंचनामा करून भरपाई देतं. पण त्यासाठी वेळेत कळवावं लागतं, आणि मेंढरं चारत गावोगाव फिरणाऱ्याला ते सोपं नसतं. मग वर्गाने नियम केला : रोज पाळी बदलायची. आज जो लांडगा, तो उद्या धनगर.

एवढा खटाटोप कशाला, असं तुमचे आई-बाबा विचारतील. त्यांना एक हिशोब सांगा. २०२२ च्या गणनेत भारतातले वाघ सरासरी ३,६८२ धरले गेले. लांडगे मात्र साधारण ३,१०० असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वाघांहूनही कमी! वाघाच्या जंगलाला आपण जंगल म्हणतो. लांडग्याच्या माळाला मात्र म्हणतो 'पडीक जमीन', आणि मग तिथे शेतं, कारखाने, रस्ते सहज येतात. भटक्या कुत्र्यांचे रोगही लांडग्यांना होतात, ते वेगळंच.

आता सुट्टीत तुम्हीही हा खेळ मांडून बघा. जागा ठरवा, कुटुंब ठरवा, चिंचोके जमवा आणि धनगराला विसरू नका. आणि कधी कल्याणहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर दौंड गेल्यावर झोपू नका. खिडकीतून माळ बघत राहा. लांडगा दिसेलच असं नाही. पण शेजारचं कुणी "काय हे, नुसतं ओसाड!" असं म्हणालं, तर तिथे कोण कोण राहतं ते तुम्ही त्यांना सांगा.