चांदणीला काहीही चालतं

पोकेमॉन कार्डांच्या खेळात प्रत्येक प्रकाराचा आपापला तोरा असतो. आगीच्या खुणेला आगीचीच एनर्जी लागते, पाण्याच्या खुणेला पाण्याचीच. विजेचा पोकेमॉन पुढ्यात येऊन उभा आहे आणि विजेची एनर्जी डेकच्या तळाशी अडकली आहे, असं झालं की तो अनेकदा नुसता मार खात राहतो. या हट्टी मंडळींत एक तेवढी कुणालाच नाही म्हणत नाही. फिकट गोलात काळी चांदणी, एवढीच तिची खूण. नियमांत तिला कलरलेस म्हणतात. अटॅकपुढे दोन चांदण्या छापलेल्या असतील तर दोन एनर्जी लावायच्या. कुठल्या, ते ती विचारत नाही.

नवीन खेळणारी पोरं तिला लिंबूटिंबू समजतात. त्यांचंही बरोबरच आहे, कारण पहिली भुरळ ज्वाळांची आणि विजांचीच पडते. तिच्याकडे कोण? रॅटाटासारखा उंदीर, पिजीसारखं पाखरू, पातीच्या कांद्याची काडी घेऊन फिरणारा फारफेच्ड. पाकीट फोडल्यावर अशी कार्डं बाजूला सारली जातात. मला मात्र या खेळातलं सगळ्यात विचारपूर्वक घडवलेलं पात्र हीच वाटते, आणि खेळ जितका कळत जातो तितकी तिच्याविषयीची माया वाढत जाते.

ती जन्मली काटकसरीतून. 1996 सालच्या पहिल्या व्हिडिओ गेममध्ये पोकेमॉनचे पंधरा प्रकार होते. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला जपानमध्ये कार्डं निघाली, त्यांत त्या पंधरांचे सातच केले होते. किडे आणि विषारी मंडळी गवताकडे गेली, बर्फ पाण्याकडे, दगड-माती लढवय्यांकडे, भुतं सायकिककडे. साधेसुधे, पाखरं आणि ड्रॅगन उरले; ते हिच्या पदरात पडले. उंदीर आणि ड्रॅगन एका घरात! वरवर पाहिलं तर उरल्यासुरल्यांची सोय. पण बाकीच्या सहा प्रकारांची कार्डं हातात घेऊन जरा निरखून पाहा.

पहिल्या बेस सेटमधला पिकाचूच घ्या. 40 एचपीचं, म्हणजे 40 डॅमेजला आडवं होणारं, साधं कार्ड. पहिला अटॅक कुरतडण्याचा, डॅमेज 10, किंमत एक चांदणी. दुसरा विजेचा, डॅमेज 30, त्याची किंमत एक वीज आणि एक चांदणी. अख्ख्या खेळाचा चेहरा असलेला हा विजेचा पोकेमॉन, पण चांदणीवाचून त्याचा एकही अटॅक होत नाही. आता कार्डाच्या तळाशी बघा. ॲक्टिव्ह, म्हणजे पुढे लढणाऱ्या पोकेमॉनला मागे घेऊन बेंचवर, म्हणजे राखीव जागी बसवायचं तर एनर्जी टाकून द्यावी लागते, तिला रिट्रीट कॉस्ट म्हणतात. ती किंमत आग असो, पाणी असो, कायम चांदण्यांतच लिहिलेली असते. दुसऱ्यांच्या कार्डांवर तिला अशी कायमची जागा आहे.

तिचा खरा जोर कळायला या खेळातला सगळ्यात करडा नियम माहीत हवा: एका टर्नला हातातून एकच एनर्जी लावता येते. चार एनर्जीचा अटॅक म्हणजे चार टर्न थांबणं, आणि तेवढ्यात समोरचा तुमची निम्मी फळी कापून काढतो. चांदणीची स्वतःची साधी एनर्जी नाही, पण बेस सेटमध्ये डबल कलरलेस एनर्जी नावाचं कार्ड आलं. कार्ड एक, एनर्जी दोन. तिच्या हातात हे कार्ड पडलं आणि तिच्याच घरची चॅन्सी उभी राहिली. गुलाबी, गुबगुबीत, पोटाच्या पिशवीत अंडं, आणि एचपी 120, म्हणजे थेट चारिझार्डएवढे. तिच्या डबल-एज या अटॅकची किंमत चार चांदण्या. दोन टर्नमध्ये दोन डबल कलरलेस लावल्या की तयार. समोरच्याला 80 डॅमेज आणि तिला स्वतःलाही 80. त्यानंतर तिच्याकडे उरतात जेमतेम 40. इतकं दिलखुलास कार्ड त्या सेटमध्ये दुसरं नाही.

चांदणीने परक्या घरच्यांनाही मोकळं केलं. जंगल सेटमधला सायथर गवताच्या प्रकाराचा. पण त्याचा 30 डॅमेजचा स्लॅश हा अटॅक तीन चांदण्यांचा, आणि रिट्रीट फुकट. त्यामुळे सुरुवातीच्या काळात गाजलेल्या हेमेकर डेकमध्ये तो हिटमॉनचॅन आणि इलेक्टाबझच्या शेजारी बसला. त्या डेकमध्ये गवताची एनर्जी लागतच नव्हती. लढवय्यांची, विजेची, जी येईल तिच्यावर तो भागवायचा.

या मोकळेपणाची किंमतही तिने मोजली आहे, आणि ती लहान नाही. या खेळाचा सगळा थरार वीकनेसमध्ये आहे. बेस सेटमध्ये पाण्याच्या प्रकारातल्या ब्लास्टॉइजचा हायड्रो पंप जास्तीत जास्त 60 डॅमेज करतो. पण चारिझार्डला पाण्याचा वीकनेस आहे, म्हणून 60 चे होतात 120, आणि 120 एचपीचा चारिझार्ड एका फटक्यात आडवा. चांदणीच्या वाट्याला असा क्षण येत नाही, कारण त्या सेटमध्ये तिच्यापुढे कच्चा पडणारा कुणीच नाही. चॅन्सीचे 80 कुणाहीसमोर 80 च. चॅन्सीला स्वतःला मात्र लढवय्यांचा मार दुप्पट बसतो. सगळ्यांकडून घेता येतं, पण कुणाच्याही दुबळेपणाचा फायदा उठवता येत नाही, हा त्या सेटमधला चांदणीचा करार. पोरिगॉनच्या कार्डावर तो अक्षरशः छापलेला आहे. हा संगणकातला जीव समोरच्याचा वीकनेस बदलून हव्या त्या प्रकाराचा करू शकतो, फक्त कलरलेसचा नाही. आणि पोरिगॉन स्वतः चांदणीच्याच घरचा! इतका चोख नियम लिहिणाऱ्यांना मी मनापासून दाद देतो.

घरातली काही माणसं मात्र एकेक करून गेली. 2012 मध्ये ड्रॅगनांचा वेगळा प्रकार झाला आणि ड्राटिनी, ड्रॅगोनाइट तिकडे निघून गेले. 2013 च्या अखेरीस फेअरी प्रकार आला, तो क्लिफेअरी आणि जिग्लीपफला घेऊन गेला. पुढे 2020 च्या सोर्ड अँड शील्ड मालिकेपासून फेअरीच बंद झाला, तेव्हा क्लिफेअरीला परत आणता आलं असतं. तिला सायकिकमध्ये धाडलं. व्हिडिओ गेममध्ये ती फेअरीच राहिली होती, त्यामुळे हिशेबाला ते ठीक असेलही, पण मला आजही ते पटत नाही. क्लिफेअरीचं पहिलं होलो, म्हणजे चमकतं, कार्ड चांदणीचंच होतं.

ईव्ही मात्र राहिली. तिच्यापासून व्हेपोरिऑन पाण्याचा होतो, जोल्टिऑन विजेचा, फ्लॅरिऑन आगीचा. मागाहून सायकिक, काळोख, गवत यांच्याकडे जाणारेही आले. इतक्या वाटा फुटतात ती ईव्ही स्वतः कलरलेस आहे. दुसऱ्या कुठल्या प्रकारात ती शोभलीच नसती.

ज्यांना चांदणी म्हणजे उंदीर-पाखरं वाटतात त्यांनी 2022 साल पाहावं. त्या वर्षी आर्सिउस व्हीस्टार आला. पोकेमॉनच्या पुराणात विश्वाचा कर्ता मानलेला हा देव, एचपी 280, आणि कार्डावर चांदणी. त्याच्या ट्रिनिटी नोव्हा या अटॅकला तीन चांदण्या लागतात. 200 डॅमेज करून तो डेकमधल्या तीन बेसिक एनर्जी शोधतो आणि आपल्याच बाजूच्या, व्ही गटातल्या पोकेमॉनना लावतो. एका टर्नला एकच एनर्जी, हा करडा नियम त्याने असा ओलांडला, आणि तोही जोडीदारांसाठी. लंडनच्या जागतिक स्पर्धेत चेक प्रजासत्ताकाचा ओंद्रेय श्कुबाल आर्सिउस आणि उडत्या पिकाचूच्या डेकवर जिंकला. पिकाचूला लागणारी वीज आर्सिउसच आणून देत होता. त्या वर्षीची डबल टर्बो एनर्जीही त्याच्या कामी आली: चांदण्या दोन, पण लावली की अटॅकचं डॅमेज 20 ने घटतं. जुन्या डबल कलरलेसला असा दंड नव्हता.

त्याच वर्षाच्या शेवटी लुगिया व्हीस्टार आला. तोही चांदणीचा. टाकून दिलेल्या कार्डांतून आर्किऑप्स नावाचे दोन पोकेमॉन थेट बेंचवर उभे करायचे, आणि त्यांनी दर टर्नला डेकमधून स्पेशल एनर्जी आणून द्यायच्या. या डेकसमोर बसलेल्या खेळाडूला पहिल्या दोन टर्नमध्येच घाम फुटायचा.

माझी सगळ्यात लाडकी मात्र 2023 ची पिजॉट ईएक्स. पहिल्या सेटमध्ये बाजूला सारलेल्या त्या पिजीचंच हे मोठं झालेलं रूप. बेंचवर बसून ती दर टर्नला एकदा अख्ख्या डेकमधून हवं ते एक कार्ड काढून हातात देते, कुठलंही. चारिझार्ड ईएक्सच्या डेकमध्ये तिला हमखास जागा मिळाली. समोरच्याला आडवं करून बक्षिसाची कार्डं तोच घ्यायचा, फोटोही त्याचेच निघायचे. पण समोरचे जाणते खेळाडू बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढायचं कार्ड हाताला लागलं की चारिझार्डला सोडून आधी पिजॉटला पुढे खेचायचे.