ओझे उतरल्यावर

‘दत्तक’ हा शब्द ऐकला की आपल्याला संस्थानिकांच्या गाद्या आठवतात, नाहीतर मूलबाळ नसलेले एखादे जोडपे. गाढवाला कोणी दत्तक घेईल, ही कल्पनाच आपल्याला विनोदी वाटते. आपल्याकडे गाढव हा प्राणी कमी आणि शिवी जास्त! त्याच्यापुढे गीता वाचू नये, त्याला गुळाची चव कळत नाही. आणि अडल्यावर मात्र हरीनेही त्याचेच पाय धरावेत!

पण अमेरिकेत रानघोडे आणि रानगाढवे सरकारकडून दत्तक दिली जातात, असे वाचनात आले तेव्हा मला हसू आले नाही. कारण ही जनावरे मुळात रानटी नव्हतीच. स्पॅनिश लोकांनी ती सोळाव्या शतकात जहाजांतून तिकडे नेली. पुढे सोन्याचांदीच्या शोधात निघालेल्यांनी हत्यारे, पाणी, शिधा गाढवांच्या पाठीवर लादला. खाणी संपल्या, आगगाड्या आल्या आणि मालकांनी त्यांना वाळवंटात सोडून दिले. रानात वाढलेल्या घोड्यांना तर पकडून, मारून, त्यांच्या मांसाचे कुत्र्यांसाठी खाद्य बनवण्याचा धंदाच सुरू झाला.

१९५० साली नेवाडा राज्यात वेल्मा जॉन्स्टन ही कचेरीत नोकरी करणारी बाई कामावर निघाली होती. पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना तिने पाहिले. आत घोडे होते. या साध्या बाईने वीस वर्षे चिकाटीने लढा दिला. शाळकरी मुलांनी सरकारकडे पत्रांचा पाऊस पाडला. १९५९ साली मोटारींनी घोड्यांचा पाठलाग करण्यावर बंदी आली आणि १९७१ साली घोडे व गाढवे या दोघांनाही संरक्षण देणारा कायदा झाला.

कायद्याने जीव वाचला, पण गवत काही वाढले नाही! कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होतात. सरकारी हिशेबाने त्या कुरणांवर साधारण २६ हजार जनावरे पोसतील. २०२४ मध्ये ती सुमारे ७३ हजार होती. म्हणून जादा जनावरे पकडायची आणि त्यांना घरे शोधायची. मानेवर थंडगार शिक्क्याने खूण करतात; तेथे पुढे पांढरे केस उगवतात. घेणाऱ्याकडे कुंपण, निवारा, चारापाणी आहे का, हे विचारतात. आणि मला सर्वांत आवडलेली अट अशी, की जनावर घरी नेले तरी मालकी लगेच मिळत नाही. वर्षभर नीट सांभाळल्याचे दिसले, तरच कागद हातात पडतो. आधी माया, मग मालकी!

तिथेही सगळे साधुसंत नाहीत. २०१९ पासून दत्तक घेणाऱ्याला एक हजार डॉलर देण्याची योजना निघाली. काहींनी वर्ष भरताच पैसे खिशात घातले आणि जनावरे लिलावात काढली; तेथून ती कत्तलीच्या वाटेला लागली. २०२१ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणले. पैशाने घर मिळते; माया मिळतेच असे नाही.

आता मला हसू का आले नाही, ते सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्या गाढवे आहेत. वीटभट्टीवर माती, नदीतून वाळू, हेच आमचे पोट. आता ट्रॅक्टर आले. देशात २०१२ साली ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या पशुगणनेत ती १ लाख २० हजारांवर आली. आमच्या दावणीला चार होती. गेल्या पौष पौर्णिमेला त्यांतली दोन आबांनी जेजुरीच्या बाजारात विकली. माझी फी आणि खोलीचे भाडे भागवायचे होते. घेणाऱ्याने दात पाहिले, भाव ठरला. जनावर कुठे नेणार, हे विचारायची तिथे रीत नाही. आबा घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “चांगल्या हाती पडली असतील तर बरं बाबा.” त्या रात्री ते जेवले नाहीत.

आबांना त्या परदेशी अटीबद्दल सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “येक वरीस बघत्यात व्हय? मानसं शानी हायती.”

आमच्या घराण्यात आजवर सर्वांनी ओझीच वाहिली. पाठीवर ओझ्याऐवजी पुस्तके घेऊन बाहेर पडलेला मी पहिला. माझी पाठ मोकळी करणाऱ्यांत आई आहे, आबा आहेत आणि ती दोन मुकी जनावरेही आहेत. काशीची गंगा रामेश्वराला नेताना नाथमहाराजांनी ती तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गाढव तेव्हा कुणाच्या उपयोगाचे होते, असे नाथांनी विचारले नव्हते. ज्याने आपले ओझे वाहिले, त्याचे ओझे उतरल्यावर तो कुठे जातो, एवढे तरी आपण विचारायला नको का?