चवदार तळ्याकाठी नागरिकशास्त्राचा तास

गेल्या महिन्यात शाळेच्या बाईंनी सातवीच्या मुलांना महाडला नेले. आम्ही वस्तीतले पालकही सोबत गेलो. चवदार तळ्याला वंदन करून पायऱ्यांवर बसलो आणि बाईंनी तिथेच तास घेतला.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरी पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व बाबासाहेब हजारो बांधवांसह येथे येऊन पाणी प्याले, तेव्हा कागदावरचा हक्क माणसाच्या ओंजळीत आला. पुढे नगरपालिकेने ठराव फिरवला, खटला चालला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला १९३७ साली. संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी यांचा उल्लेख आहे, तो बाईंनी मुलांकडून वाचून घेतला.

एका मुलीने विचारले, "बाई, मग आपल्या वस्तीचा नळ दोन महिने बंद का?"

"अर्ज कोणी केला?" बाईंनी आमच्याकडे पाहिले. आमच्या माना खाली गेल्या.

परतताना एस.टी.तच मुलांनी अर्ज लिहिला. आम्ही सह्या केल्या, म्हाताऱ्यांनी घरी अंगठे उठवले. दुसऱ्या दिवशी बाईंसह जाऊन आमच्या नगरपालिकेतून पोच घेतली. नळ अजून कोरडाच आहे. पाणी येईपर्यंत दर सोमवारी जायचे, असे आम्ही ठरवले आहे. जयभीम!